डेटिंग अ‍ॅप: मुलांकडे दुष्काळ, मुलींकडे पूर, असं का?

शंकासुर:
पुण्या-मुंबईत एकाच अ‍ॅपबद्दल मुलगे म्हणतात मॅचच (दोघांनी एकमेकांना लाईक देणं) होत नाही आणि मुली म्हणतात लाईक आवरेनात. नेमकं कारण काय? मुलाने प्रोफाइलमध्ये काय बदललं तर फरक पडतो?

आकडेमोड:
मुळात मुलगे जास्त. त्यातले बरेचसे प्रोफाइल न वाचता सरसकट राईट स्वाईप करतात, म्हणजे उजवीकडे सरकवून पसंती देतात. मुलींकडे ढीग साचतो, मग त्या आणखी पारखून घेतात. मॅच आणखी घटतात, की मुलगे आणखी सरसकट सुटतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्चच्या २०२३च्या अहवालातही हेच आहे: वर्षभरात अ‍ॅप वापरलेल्या ५४ टक्के बायका मेसेजच्या माऱ्याने गांगरलेल्या, आणि ६४ टक्के पुरुष मेसेज येत नाहीत म्हणून स्वतःबद्दलच साशंक.

कट्टेकरी:
पहिला फोटो एकट्याचा, दिवसाउजेडी, गॉगल न लावता. सिंहगडावरचा ग्रुप फोटो चौथा-पाचवा चालेल. पहिला टाकला तर यातला तू कोण, हे शोधत कुणी बसत नाही. दुसऱ्याच्या बाईकवरचा तर नकोच.
हिंज अ‍ॅपवर सहा फोटो आणि तीन प्रॉम्प्ट (अ‍ॅपने दिलेल्या प्रश्नांना स्वतःची उत्तरं) असतात. तिथे नुसता लाईक न देता एखाद्या फोटोवर कमेंट करा. तिच्या फोटोत मिसळ असेल तर 'हाय'पेक्षा 'बेडेकर की काटाकिर्र?' बरं. उत्तर द्यायला काहीतरी हाताशी लागतं हो!
बंबल अ‍ॅपवर मॅचनंतर २४ तासांत बोलणं सुरू झालं नाही तर मॅच जाते. आठवड्याने उघडून उपयोग नाही.

सावधसखी:
मुलींचा खरा वेळ जातो तो गाळण्यात. बायोत इन्स्टाचं नाव टाकलंत की नकार दिलेलेही तिथे येऊन धडकतात. समोरच्याचा फोटो गूगल लेन्सवर (फोटोवरून शोध) टाकून बघा, चोरीचा असला तर बरेचदा लगेच कळतं. नंबर देण्याआधी अ‍ॅपमधूनच पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करा. दर वेळी कॅमेरा बिघडत असेल तर अनमॅच. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या कॅफेत, येणं-जाणं आपल्या गाडीने.

आकडेमोड:
मुलग्यांनो, कॅफे तुम्हीही स्वतःच ठरवा. समोरची अमुकच बारचा हट्ट धरते, मेनूवर किंमती नाहीत, ती मध्येच उठून जाते आणि बिल येतं हजारोंत, असे प्रकार मुंबईत झालेत. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट न करता स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेलेच असतील तर यूपीआय व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकते.