कानबाईची गाणी अन् छोटा कंडेन्सर: "खेळणं" म्हणणाऱ्यांना उत्तर

गिरणाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "पेन्सिल माइक म्हणजे गिटारवाल्यांचं खेळणं, गाणं घ्यायचं तर मोठा डायफ्रामच हवा." पेन्सिल माइक म्हणजे बारीक, छोट्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक; डायफ्राम म्हणजे आवाजाने थरथरणारा आतला पडदा. स्टुडिओत एकच गायक समोर उभा असेल तर मोठा घ्या. कानबाई या आमच्या खानदेशातल्या देवीच्या जागरणाला बाया अर्धगोल करून बसतात. मोठ्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे माइकच्या आवाज पकडणाऱ्या तोंडात, बाजूच्या आवाजाचा वरचा, बारीक भाग गळतो, कडेची बाई घोगरी वाटते. अर्ध्या इंचाच्या कॅप्सूलला तो फरक बराच कमी, टाळही स्वच्छ येतो. दोन पेन्सिल माइकांची जोडी लावा: माइकांच्या तोंडांत १७ सेंटीमीटर अंतर, ११० अंशांचा कोन. मग सांगा.

तापीकर: अन् खरखर? रोडे कंपनीच्या एनटी-५ या पेन्सिल माइकचा स्वतःचा नॉइज १६ डेसिबल, मोठ्या डायफ्रामच्या एनटी-१ए चा ५. कंपनीचेच आकडे आहेत.

गिरणाकाठ: एवढ्या गळ्यांपुढे अन् टाळांपुढे १६ डेसिबल कुठे ऐकू येणार? डोक्यावरचा पंखा त्याहून मोठा!

सातपुडा: पंख्याचं नावच काढू नका. आमच्या घरी एक रेकॉर्डिंगवाला आला होता. श्रावणातला उकाडा, तरी पंखा बंद. टाळ्या बंद. आत्याच्या तोंडापुढे माइक, वर म्हणे, "चार मिनिटांत बसवा." आत्याने पदर सावरला, दोन कडवी म्हटली अन् उठून रोटाचं पीठ मळायला गेली. पुन्हा बसली नाही. तुमचे डेसिबल घेऊन काय करू?

तापीकर: विषय माइकचा आहे. एवढा कळवळा असेल तर वरातीतल्या डीजेवर बोला. त्याने अहिराणी गाण्याची पार वाट लावली.

सातपुडा: डीजेवर आमची पोरं नाचतात तरी. बाहेरून येऊन आमच्या बायांना गाणं आखडतं घ्यायला सांगणारा जास्त नुकसान करतो.

तापीकर: बाहेरून? मी चोपड्याचा आहे! तोंड सांभाळून बोला.

गिरणाकाठ: भांडू नका. आत्याचं दुखणं माइकशीच जोडलेलं आहे. बारीक जोडी एका स्टँडवर चार-पाच हात लांब ठेवली तर कुणाच्या तोंडापुढे काही येत नाही. थोड्या वेळाने बाया तिकडे बघतही नाहीत. टाळ्या वाजू द्या, त्या गाण्याच्याच आहेत.

सातपुडा: असं कुणी केलं असतं तर आत्या रात्रभर गायली असती.

तापीकर: बरं, घोळक्याला जोडी घ्या. एकटी म्हातारी जात्यावर हळू ओवी म्हणत असेल तर मी मोठाच लावणार.

गिरणाकाठ: लावा, तिथे कमी नॉइज कामाचा. फक्त दीड हात लांब ठेवा, कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणारा माइक, जवळ नेला की खर्ज फुगतो. अन् कंडेन्सरला रेकॉर्डरमधून माइकच्या तारेनेच मिळणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, रेकॉर्डरचे सेल लवकर खाते. वीज गेली तर म्हणून जादा सेल खिशात ठेवा.