इंग्रजी ‘फिश’साठी स्पॅनिश शब्द : पेस की पेस्कादो?

गिरगावहून : १८७५ साली बांधलेल्या कुलाब्याच्या ससून गोदीविषयीच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचे मी स्पॅनिशमध्ये भाषांतर करत आहे. त्यात पहाटे ट्रॉलर ‘फिश’ घेऊन धक्क्याला लागतात, बायका ‘फिश’ सोलतात आणि लिलावानंतर ‘फिश’ बाजारात जाते. मी तिन्ही ठिकाणी ‘पेस्कादो’ लिहिले. मजकूर तपासणाऱ्या बाईंच्या मते पहिल्या जागी ‘पेस’ हवे. जिवंत मासा तो पेस आणि खाण्याचा तो पेस्कादो, हे आपण सारेच शिकतो. पण ही सीमा जीव गेल्यावर ओलांडली जाते की पाण्याबाहेर काढल्यावर?

मुलुंडहून : ‘पेस्कादो’ हे ‘पेस्कार’, म्हणजे मासे पकडणे, या क्रियापदापासून झालेले धातुसाधित असून त्याचा मूळ अर्थच ‘पकडलेला’ असा आहे, तेव्हा जाळे वर आले की पेस्कादो म्हणण्यास हरकत नसावी. मात्र मत्स्यालयातला मासा पकडून आणलेला असला तरी पेसच राहतो, म्हणजे खाण्याचा हेतूही धरावा लागतो. उलट तलवारमासा शिजून ताटात आला तरी त्याला ‘पेस एस्पादा’च म्हणतात.

माहीमहून : हा भेद मराठीत आहेच. गळाला मासा लागतो आणि बाजारात मासळी येते. मराठीत मासळी म्हणावेसे वाटेल तिथे पेस्कादो लिहावे.

वर्सोव्याहून : हे मला मुळीच पटत नाही. ‘दर्यात मासळी राहिली नाही’ असे आमच्याकडे नेहमी म्हणतात, आणि ती मासळी पाण्यातलीच असते. शिवाय मासळीत कोळंबी, खेकडे, तिसऱ्या हे सगळे येते, तर स्पॅनिशमध्ये त्यांचा वर्ग ‘मारिस्कोस’ हा वेगळा आहे. ससून गोदीत बायका सोलतात ती कोळंबी. तिला पेसही म्हणता येणार नाही आणि पेस्कादोही. वाचक स्पेनचे असतील तर ‘गाम्बास’ लिहा, मेक्सिकोचे असतील तर ‘कामारोनेस’. आणि कोळीवाड्यात या सगळ्याला म्हावरं म्हणतात, तो शब्द या चर्चेत कुणाला आठवू नये याचे वाईट वाटते.

दादरहून : म्हावरं हा शब्द गोड आहे, पण भाषांतराच्या चर्चेत प्रमाण शब्दच आधाराला घ्यावा. मला तर मासा हा शब्द मांसावरून आला असावा असे वाटते. तसे असेल तर मराठीत तो मुळातच खाद्यवाचक ठरतो.

मुलुंडहून : नाही. संस्कृत मत्स्य, प्राकृत मच्छ आणि त्यावरून मासा. हिंदीतली मछलीही त्याच कुळातली. मांसाचा येथे काहीही संबंध नाही.

वसईहून : पोर्तुगीजांमध्ये ‘पेइश’ हा एकच शब्द पाण्यातल्या आणि ताटातल्या अशा दोन्ही माशांना चालतो, तेव्हा शेजारच्या भाषेलाही या भेदाची गरज भासलेली नाही. लॅटिन अमेरिकेतही बोलण्यात जिवंत माशाला पेस्कादो म्हणणारे आहेत. इतका काटेकोरपणा फक्त आपण शिकणाऱ्यांनी का पाळावा?

माहीमहून : कारण माहितीपत्रक छापले जाते. बोलण्यातली सवलत छापील मजकुराला नसते.

वर्सोव्याहून : मग हाच नियम मराठीला लावून म्हावरं छापायचे नाही, असे आपले म्हणणे आहे का?