चेनसॉची चेन सैल पडते : ताण कसा देता, नेमकं सांगा

पावसाआधी फांद्या उतरवायची घाई आणि नेमकी तेव्हाच चेन उतरते. ताण देताना काय पाहता, कुठे चुकतं, ते लिहा.

आंबा बागायत, रत्नागिरी :
आधी मशीन बंद, प्लगची टोपी काढून ठेवा, हातात जाड मोजे. चेनब्रेक सोडा, नाहीतर चेन हलणारच नाही. कव्हरचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, काढू नका. बारचं, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीचं, टोक वर उचलून धरा आणि ताणाचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने थोडाथोडा फिरवा. खाली लोंबणारी चेन बारला टेकली की थांबा. टोक वर धरूनच नट आवळा! नटांभोवती बारला थोडी मोकळीक असते; टोक खाली राहिलं तर कापताना बार वर सरकतो आणि चेन पुन्हा लोंबते.
मग चेन हाताने ओढून बघा, न अडखळता फिरली पाहिजे. वरच्या बाजूला मधोमध चिमटीने उचलली तर आतले दाते बारच्या खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत.

इंजिन दुरुस्ती :
स्क्रू फिरतो पण बार जागचा हलत नाही? कव्हर काढा. ताणाची खुंटी बारच्या भोकात बसलेली नसते. ती न बसवताच नट आवळले तर वाकते.
गरम चेन लांबते. काम चालू असताना ताण दिला असेल, तर काम संपल्यावर सैल करायलाच हवी. थंड होताना ती आखडते आणि क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरता दांडा), बेअरिंग दोन्हींवर जोर येतो. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत सैल पडते, तो दोष नव्हे, दोन-तीनदा ताणा.

नारळ-सुपारी, सिंधुदुर्ग :
वारंवार सैल पडत असेल तर आधी तेल बघा. बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली नाही, तर बारचं तेलाचं भोक भुशाने बुजलंय. खाचही पातळ पत्र्याने खरवडून घ्या.

लाकडाची वखार :
स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, अर्ध्या मिलिमीटरची झीज दिसली की बदला. झिजलेल्यावर नवी चेन चढवू नका, तीही खराब होते. उतरलेली चेन तशीच परत बसवू नका. आतल्या दात्यांना निघालेली कोर चपट्या कानशीने घासा, नाहीतर ती खाचेत अडकते.