हंगेरी : १९२० च्या तहाचं दुःख मतपेटीत कसं उतरतं?

टिपूस
हंगेरीतल्या ओर्बान यांच्या फिदेस पक्षाबद्दल काहीही वाचा, दोन पानांनी पहिल्या महायुद्धानंतरचा ट्रियानॉनचा तह येतोच. ४ जून १९२० ला सह्या झाल्या, हंगेरीचा दोन तृतीयांशाहून जास्त मुलूख गेला, तीसेक लाख हंगेरियन सीमेपलीकडे राहिले. एवढं ठाऊक आहे. पण इतक्या जुन्या जखमेतून सत्ता नेमकी कशी मिळते? भाषणं तर सगळेच ठोकतात.

काजळी
भाषणं सोडा, कायदे तारीखवार लावून बघा. एप्रिल २०१० मध्ये फिदेसला दोन तृतीयांश बहुमत मिळालं. २६ मे ला नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती, ३१ मे ला ४ जून हा राष्ट्रीय एकजुटीचा दिवस. ओर्बान यांचा पंतप्रधानपदाचा शपथविधी २९ मे चा, म्हणजे नागरिकत्वाचं काम त्याआधीच उरकलं होतं!

दुरुस्तीनंतर पूर्वज हंगेरियन नागरिक असले आणि भाषा येत असली की नागरिकत्वाला पुरे, हंगेरीत राहायची अट नाही. २०११ च्या निवडणूक कायद्याने या लोकांना मतही दिलं, पण फक्त पक्षयादीसाठी. १९९ पैकी ९३ जागा यादीच्या. उरलेल्या १०६ मतदारसंघांत त्यांना मत नाही. २०१४ मध्ये त्यांची सव्वा लाखावर टपाली मतं वैध ठरली, त्यातली सुमारे ९५ टक्के फिदेसला.

टिपूस
सव्वा लाख म्हणजे चिमूटभरच की. फार तर एखादी जागा.

काजळी
एखादीच. पण २०१४ मध्ये फिदेस आघाडीच्या जागा किती आल्या? १३३. १९९ चे दोन तृतीयांश करा, १३२.६७ येतात. राज्यघटना बदलायला लागणारा आकडा अगदी काठावर गाठला होता.

आणखी एक मेख. लंडनला नोकरीला गेलेल्या, पण हंगेरीत पत्ता असलेल्या माणसाला टपालाने मत देता येत नाही, त्याने स्वतः वकिलातीत जायचं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या, म्हणजे तहात रोमेनियाकडे गेलेल्या मुलखातल्या हंगेरियनाने मात्र लिफाफा पाठवला की झालं. लिफाफ्यांची वाट कशी लागते तेही बघा : २०२२ च्या निवडणुकीआधी रोमेनियात तिर्गू मुरेशजवळ कचऱ्यात अर्धवट जळालेल्या मतपत्रिका सापडल्या होत्या.

स्लोव्हाकियाने २०१० मध्येच उलटा कायदा केला, दुसरं नागरिकत्व घ्याल तर आमचं जाईल. म्हणून या योजनेचा भर रोमेनिया आणि सर्बियावर राहिला.

उंबरा
मतांचं गणित बरोबर, पण ते अर्धंच झालं. आपण फक्त सोसलं, हे ठसवायला तारीख नीट निवडावी लागते. २०१२ पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात १९ मार्च १९४४ ला, म्हणजे जर्मन फौजा शिरल्या त्या दिवशी, देशाचा स्वनिर्णय गेला आणि २ मे १९९० ला परत आला असं लिहिलंय. आता मधला काळ मोजा. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यू बाहेर पाठवले गेले, बहुतेक सगळे आउश्वित्झला. त्यांना गोळा करून गाड्यांत कोंबणारे मुख्यतः हंगेरियन शिपाई होते. पण स्वनिर्णयच नव्हता म्हटलं की जबाबदारीही आपोआप जर्मनांची.

बुडापेस्टच्या सबादशाग चौकात २०१४ मध्ये हेच दगडात उभं केलं : खाली देवदूत गॅब्रिएल म्हणजे निष्पाप हंगेरी, वरून झडप घालणारा गरुड, त्याच्या पायातल्या कड्यावर १९४४. समोर लोकांनी फोटो, जुने बूट आणि गोटे आणून मांडले. अधिकृत पुतळ्यापेक्षा ती मांडणीच जास्त बोलते.

पाणवठा
पोलंडची चूक जोडीला ठेवा. २०१८ मध्ये नाझी गुन्ह्यांचं खापर पोलिश राष्ट्रावर फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली, आणि इस्रायल-अमेरिकेने डोळे वटारल्यावर जूनमध्ये कैदेचं कलम मागे घ्यावं लागलं. शिक्षेचं कलम असलं की विरोधाला बोट ठेवायला जागा मिळते. प्रास्ताविक आणि पुतळ्यांवर कुठे बोट ठेवणार?

२०२० चं ट्रियानॉन स्मारक बघा. संसदेसमोरच्या रस्त्यात १०० मीटर लांब उतार, दोन्ही भिंतींवर तहाआधीच्या हंगेरीतल्या १२,००० हून अधिक गावांची नावं, १९१३ च्या यादीप्रमाणे. त्यातली कित्येक स्लोव्हाक आणि रोमेनियन वस्तीची. १८९८ च्या कायद्याने हंगेरियन करून घेतलेली नावंही त्यातच.