छोट्या गटाने ऑफ सीझनला युरोप : माणशी सव्वा लाख जास्त द्यावेत का?

पर्वती_पायथा

आमची वयं ६३ आणि ६७. यांचा डावा गुडघा कुरकुरतो. इटली-स्वित्झर्लंड करायचं ठरलंय, ११ दिवस. लक्ष्मी रोडवरच्या एका ऑफिसात मे महिन्यातल्या ४२ जणांच्या टूरचा भाव मिळाला माणशी तीन लाख चाळीस हजार. दुसऱ्या एका कंपनीचा १४ जणांचा गट आहे, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, चार लाख पासष्ट. दोन्हींत विमान, व्हिसा, जेवण आलं. जीएसटी आणि टीसीएस (टूरच्या पैशांबरोबर आधीच घेतला जाणारा आयकर) वर.

माझं मत आधीच सांगते, जास्तीचे पैसे द्यावेत. २०१६ साली आम्ही मोठ्या गटातून जाऊन आलोय. प्रत्येक थांब्यावर सगळे उतरणार, स्वच्छतागृहाची रांग, मोजणी, कुणीतरी चॉकलेटच्या दुकानात अडकलेलं, परत मोजणी. पॅरिस मला आठवतं ते बसच्या काचेतून. रोज पहाटे बॅग दाराबाहेर काढून ठेवायची हौस आता उरली नाही. आणि निवृत्त माणसांना मेची सक्ती कशाला? तो शाळांच्या सुट्टीवाल्यांना लखलाभ.

विरोध जरूर करा. फक्त 'स्वतःचं स्वतः करा, स्वस्त पडतं' एवढंच लिहू नका, ते मुलगा रोज ऐकवतो.

पेशवेकालीन_काका

विरोध करतो. मोठ्या गटाला नावं ठेवायची फॅशन झाली आहे. मागच्या वर्षी फ्लोरेन्सला आमच्या हिला ताप भरला. टूर मॅनेजर गट घेऊन पुढे गेला, त्याचा मदतनीस आमच्याजवळ थांबला, डॉक्टर झाला, औषधं झाली, संध्याकाळी मऊ भातही मिळाला. चौदाच्या गटात मुंबईपासून बरोबर येणारा माणूस असतो का, हे आधी विचारा. पुष्कळदा नसतो. तिथे उतरल्यावर एक इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा, तोच गाइड, तोच सगळं.

आणि एक बोलू नये ते बोलतो. चौदांत एक खवट माणूस निघाला तर अकरा दिवस सुटका नाही. बेचाळीसांत तो बसच्या मागच्या बाजूला विरून जातो.

तळेगाव_लोकल

काका, मागच्या बाजूचा तो माणूस म्हणजे आपणच, असं प्रत्येक गटात कुणाला तरी वाटत असतं :)

ताई, १४ की ४२ यावर नंतर भांडू. कुठे किती रात्री ते टाका.

पर्वती_पायथा

रोम ३ रात्री, त्यातल्या एका दिवशी पॉम्पेई आणि अमाल्फी किनारा बोटीने. मग फ्लोरेन्स परिसर २, व्हेनिस परिसर १, ल्युसर्न ३, त्यात टिटलिसचा बर्फाचा डोंगर.

तळेगाव_लोकल

वाटलंच. हा मे महिन्याचा कार्यक्रम आहे, नुसती तारीख बदलून विकायला काढलाय.

रोमहून पॉम्पेई बसने अडीच-तीन तास. नोव्हेंबर ते मार्च तिथे शेवटचा प्रवेश दुपारी साडेतीनला, पाचला बंद. सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे पॉम्पेई नीट बघितलं तर अमाल्फी अंधारात, आणि अमाल्फीला उजेडात पोचायचं तर पॉम्पेई धावत. बोटीचं तर विसराच. त्या किनाऱ्यावर गावागावांना जोडणाऱ्या प्रवासी बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च बंद असतात, बरीच हॉटेलंही कुलूप लावून बसतात. कलोसियम तेव्हा साडेचारला मिटतं, शेवटचा प्रवेश साडेतीनला. टिटलिसची केबल कार नोव्हेंबरातच काही दिवस तपासणी-दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तुमचा दिवस नेमका त्यात येतो का ते लेखी घ्या. व्हेनिसला ऑक्टोबर ते जानेवारी भरतीचं पाणी चौकात चढायचा काळ. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी दरवाजे उभे करतात, त्यामुळे पूर्वीइतकं होत नाही, पण सेंट मार्कचा चौक मुळातच सखल आहे.

आता 'परिसर' या शब्दाकडे या. 'व्हेनिस परिसर' म्हणजे बेटावरच्या खऱ्या व्हेनिसला जाणाऱ्या पुलाच्या अलीकडचं मेस्त्रे. 'फ्लोरेन्स परिसर' म्हणजे बहुतेक वेळा मॉन्तेकातिनी, पाऊण तास लांब. पुणे दाखवतो म्हणून आमच्या तळेगावात उतरवण्यासारखं आहे हे. मोठ्या गटाचं मी समजू शकतो, बेचाळीस जणांना गावात खोल्या आणि मोठ्या बसला जागा मिळत नाही. चौदा जण छोट्या बसमध्ये मावतात आणि गल्लीतल्या वीस खोल्यांच्या हॉटेलातही मावतात. सव्वा लाख द्यायचे ते यासाठी. मोठ्याच गटाचं हॉटेल, मोठ्याच गटाचा रस्ता आणि फक्त माणसं कमी, तर तुम्ही रिकाम्या खुर्च्यांचे पैसे भरताय.

बाणेर_टेकडी

मुलाच्या बाजूने एकदाच बोलतो, मग गप्प. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने दीड तास. स्टेशनं गावाच्या मध्यावर. व्हेनिसचं तर थेट कालव्याच्या काठावर, दाराबाहेर पडलं की समोर बोट. मी २०२३ मध्ये आई-बाबांना असंच नेलं, प्रत्येक गावात तीन रात्री, दुपारी खोलीवर येऊन झोप. गुडघ्यासाठी ती दुपारची झोप कुठल्याही गटात मिळणार नाही, चौदाच्या असो वा चारच्या.

पर्वती_पायथा

तुम्ही बरोबर होतात ना? बॅगा कुणी उचलल्या?

बाणेर_टेकडी

मी. बरं, गप्प.

पेशवेकालीन_काका

तळेगावकरांचा हिशोब पटला, पण त्यातून निष्कर्ष माझ्याच बाजूचा निघतो. नोव्हेंबरात तिथली हॉटेलं स्वस्त, विमान स्वस्त, तरी ताईंना मेपेक्षा सव्वा लाख जास्त सांगताहेत. ऑफ सीझनचा फायदा गेला कुणाच्या खिशात? शिवाय व्हेनिस ते ल्युसर्न अख्खा दिवस रस्त्यात जातो. तिकडे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबावंच लागतं, कायदाच आहे. मेमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड, डोंगर दिसतात. नोव्हेंबरात काचेत स्वतःचं तोंड.

कर्वे_रोड_सिग्नल

किरकोळ पण कामाचं. टीसीएस इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, खर्चात धरू नका, पैसे काही महिने अडकतात इतकंच. तुमच्या रात्री इटलीत जास्त, म्हणून व्हिसाचा अर्ज इटलीकडे. सहा महिने आधीपासून करता येतो. फी जून २०२४ पासून ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. विम्यात जुन्या गुडघ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बारीक अक्षरात असतं. आणि रोम, फ्लोरेन्स, व्हेनिसला हॉटेलात दर रात्रीचा शहर-कर वेगळा मागतात, तो धरलाय का विचारा.

पर्वती_पायथा

आज त्या छोट्या गटवाल्यांच्या ऑफिसात जाऊन आले. कागदावर प्रश्न लिहून नेले होते. मुलगी गोड बोलली, पण 'बोटी चालू आहेत का' म्हटल्यावर आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. आल्यावर म्हणाली, "काकू, हवामानावर अवलंबून आहे." हवामान कसलं, वेळापत्रकच नाही!

टूर मॅनेजर मुंबईपासून बरोबर आहे, काका. हॉटेलं मेस्त्रे आणि मॉन्तेकातिनीच निघाली, तळेगावकरांना पेढे. सगळ्यात लागलं ते वेगळंच. दहाच्या खाली बुकिंग राहिलं तर आमचा गट दुसऱ्या गटात मिसळणार. तो किती जणांचा? अठ्ठावीस. आणि फरकाचे पैसे परत? त्यावर ती नुसती हसली.

तरी मोठ्या गटात मी जाणार नाही. काका, तुमचा मदतनीस चांगला होता, मान्य. आमच्या वेळी मॅनेजरला यांचं नावसुद्धा शेवटपर्यंत पाठ झालं नव्हतं, 'सीट नंबर सतरा' म्हणायचा. मार्चअखेरची तारीख बघतेय, म्हणजे उजेडाचंही भागेल.

तळेगाव_लोकल

मार्चअखेर नको. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. त्या आठवड्यात रोममध्ये पाय ठेवायला जागा नसते, भावही चढतात. घड्याळंही त्याच रविवारी तासभर पुढे जातात, तेव्हा त्यानंतरचं काहीही घ्या. १ एप्रिलपासून पॉम्पेई संध्याकाळी सातपर्यंत उघडं, अमाल्फीच्या बोटी साधारण तेव्हाच सुरू होतात, मेची झुंबड अजून लांब. फक्त ल्युसर्नला छत्री आणि जाड कोट दोन्ही लागेल.

आणि गट मिसळला तर पूर्ण पैसे परत, हे एक वाक्य त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. तोंडी नको.

पेशवेकालीन_काका

एप्रिल असेल तर माझा विरोध निम्मा मागे. सव्वा लाखाचा निम्मा शाबूत.

पर्वती_पायथा

सव्वा लाखासाठी मी घासाघीस करणारच आहे, तुळशीबागेत उगाच नाही चाळीस वर्षं काढली. पंचांग बघितलं, ७ एप्रिलला पाडवा आहे. गुढी उतरवून ८ ला निघता येईल. त्यांच्याकडे तशी तारीख आहे का, उद्या विचारते. व्हेनिसची एक रात्र मेस्त्रेतून उचलून पुलापलीकडे न्या, हेही सांगणार आहे. नाही म्हणाले तर तो खर्च आम्ही वेगळा करू, एक रात्र तरी कालव्याच्या काठावर झोपायचंय.

बाणेर_टेकडी

मेस्त्रेहून पलीकडे जायला रेल्वेने दहा-बारा मिनिटं. बॅगा मेस्त्रेलाच ठेवा.

पर्वती_पायथा

हे मुलाला सुचलं नव्हतं. बघा.