मदत हवी आहे : फ्युएल सेलच्या कुलंटची वाहकता वाढते

नमस्कार मंडळी. वरोरा तालुक्यातील आमच्या गावी मी व माझे दोन विद्यार्थी मालवाहू तीनचाकीवर ५ किलोवॅटचा हायड्रोजन फ्युएल सेल (हायड्रोजनपासून थेट वीज तयार करणारे साधन) बसवीत आहोत आणि तो थंड ठेवण्याच्या कामात अडकलो आहोत.

जेवढी वीज मिळते, जवळपास तेवढीच उष्णता निघते, आणि इंजिनाप्रमाणे तिचा मोठा वाटा सायलेन्सरवाटे जात नसल्याने सगळा भार रेडिएटरवर येतो. स्टॅक (एकावर एक रचलेल्या सेलचा गठ्ठा) ६५ अंशांवर चालतो. मे महिन्यात इकडे सावलीतच ४५ अंश असतात, म्हणजे फरक जेमतेम २० अंशांचा. ही अडचण मोठा रेडिएटर लावून सुटेल.

खरी काळजी वेगळीच आहे. कुलंट (थंड ठेवणारा द्रव) सेलच्या प्लेटांमधूनच वाहत असल्याने त्यातून वीज वाहता कामा नये. वाहकता सेंटिमीटरला ५ मायक्रोसीमेन्सच्या आत हवी. आम्ही डीआयोनाइज्ड (विरघळलेले क्षार काढून टाकलेले) पाणीच भरले, परंतु भंगारातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर पोरांनी आदल्या दिवशी बोअरच्या पाण्याने धुतला होता (त्या पाण्याने चहाच्या भांड्यालाही पांढरा थर बसतो), त्यामुळे दोन तासांत वाहकतेचा मीटर ४० वर गेला. तेव्हापासून स्टॅक बंद ठेवला आहे.

असा रेडिएटर वारंवार धुऊन वापरण्याजोगा होतो, की नवाच घ्यावा? आयन (क्षारांचे विद्युतभारित कण) शोषणाऱ्या रेझिनचा फिल्टर मुख्य नळीत बसवावा की बाजूच्या फाट्यावर? बाजारातला हिरवा कुलंट त्यातील गंजरोधक क्षारांमुळे चालणार नाही, एवढे ठाऊक आहे. असे रेझिन नागपुरात किरकोळीत मिळत असल्यास कृपया कळवावे.