एकाच सर्व्हरवर दोन पीएचपी अ‍ॅप, लॉगिन एकमेकांत मिसळतंय

प्रश्न

आमच्या कॉलेजात एकाच उबुंटू सर्व्हरवर ग्रंथालयाचं आणि फीचं अशी दोन अ‍ॅप आहेत. दोन्ही पीएचपीत, लिहिणारे वेगळे, डेटाबेस वेगळे. फीच्या खिडकीवरच्या मॅडम लॉगिन करून दुसऱ्या टॅबमध्ये ग्रंथालय उघडतात, तर तिथे भलत्याच विद्यार्थ्याच्या नावाने लॉगिन झालेलं असतं. एकातून लॉगआउट केलं की दुसऱ्यातूनही बाहेर. फीचं अ‍ॅप ८०८० पोर्टवर नेलं, तरी तेच. काय करावं?

प्रतिसाद १

पोर्ट बदलून उपयोग नाही. कुकी (ब्राउझर साठवून दर वेळी सर्व्हरला परत पाठवतो ती छोटी नोंद) पोर्ट बघतच नाही; २०११ च्या आरएफसी ६२६५ या कुकीच्या मानकात हे स्पष्ट लिहिलंय. तुमची दोन्ही अ‍ॅप 'पीएचपीसेसआयडी' याच नावाची कुकी वापरतायत, पाथ '/' (म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांसाठी), आणि सर्व्हरवर दोघांच्या सेशन फाइल (कोण लॉगिन आहे याची नोंद) एकाच फोल्डरमध्ये पडतायत. म्हणजे दोघं एकच फाइल उघडतात. तिच्यात दोघांनीही 'यूजर_आयडी' याच नावाने नंबर ठेवला असणार. फीमधला १२ नंबर म्हणजे मॅडम, ग्रंथालयातला १२ नंबर कोणी विद्यार्थी. लॉगआउटने ती फाइलच पुसली जाते, म्हणून दोन्हीकडून बाहेर.

बहुतेक जण इथे फक्त 'सेशन.नेम' (कुकीचं नाव) बदलायला सांगतात. त्याने मॅडमची तक्रार थांबेल, पण दार उघडंच राहील, आणि प्रश्न फीच्या पैशांचा आहे. फोल्डर एकच असेल तर ग्रंथालयात लॉगिन केलेला १२ नंबरचा विद्यार्थी आपल्या कुकीतला आयडी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून फीच्या कुकीत चिकटवेल. फीचं अ‍ॅप तीच फाइल उघडेल, त्यात १२ दिसेल आणि त्याला मॅडम समजेल. म्हणून 'सेशन.सेव्ह_पाथ' (सेशन फाइलचा फोल्डर) वेगळा हवाच. शक्य असेल तर पीएचपी-एफपीएमचे दोन पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचे वेगळे गट) करा, प्रत्येकाला वेगळा लिनक्स यूजर द्या, आणि फोल्डरची परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) ठेवा.

एक गोष्ट हमखास सुटते. उबुंटूवर जुन्या सेशन फाइल पीएचपी स्वतः साफ करत नाही, एक टायमर करतो, आणि तो पीएचपी.आयएनआय मधला फोल्डर बघतो. पूलमध्ये नवा पाथ दिलात तर 'सेशन.जीसी_प्रॉबॅबिलिटी' तिथेच १ करा, म्हणजे त्या फोल्डरची सफाई पीएचपी स्वतः करेल.

प्रतिसाद २

यात भर: दोन्हींना वेगळी सबडोमेन (मुख्य पत्त्याखालचे वेगळे पत्ते) द्या आणि कुकीला 'डोमेन' लावूच नका. वरचं डोमेन लावलंत तर कुकी पुन्हा दोघांकडे जाईल. '/फी' असा कुकी पाथ देऊन सुरक्षा मिळत नाही. होस्ट आणि पोर्ट तेच असेल तर ग्रंथालयाच्या पानावरची स्क्रिप्ट फीचं पान आयफ्रेममध्ये (पानातल्या पानात) उघडून वाचू शकते.

प्रश्नकर्ता

दोन पूल केले, नाव आणि फोल्डर वेगळे. आता लॉगिन मिसळत नाही. सबडोमेनसाठी नेटवर्कवाल्या सरांना सांगितलंय. पुढच्या सत्रात जँगोची (पायथनमधली वेब चौकट) दोन अ‍ॅप याच होस्टवर येणार आहेत. तिथेही हेच होईल?

प्रतिसाद १

डेटाबेस वेगळे असतील तर एकाचं सेशन दुसऱ्याला दिसणार नाही, पण दोघांची कुकी 'सेशनआयडी' नावाचीच असल्याने ती एकमेकांची पुसत राहतील आणि लोक सारखे लॉगआउट होतील. 'सेशन_कुकी_नेम' आणि 'सीएसआरएफ_कुकी_नेम' (बनावट फॉर्म रोखणाऱ्या कुकीचं नाव) दोन्ही बदला. 'सीक्रेट_की' (जँगो सह्या करायला वापरतो ती गुप्त किल्ली) मात्र एकाची दुसऱ्यात कॉपी करू नका. या दोघांनाही वेगळी सबडोमेन आधी मिळाली तर हा प्रश्नच येणार नाही, सरांच्या मागे लागा.